बुडापेस्ट: बोट सुटण्याआधीचा एक दिवस

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला बुडापेस्टचा बेत वाचला. एका दिवसात नऊ ठिकाणं, त्यात गरम पाण्याचं स्नानगृह, आणि वर संध्याकाळी बोट! विहीणबाईंचे गुडघे आणि ईशानची भूक धरली तर यातली चार ठिकाणं नीट होतील, पाचवं जाता-जाता. कोणती ठेवायची, कोणती गाळायची आणि का, ते लिहिते. एका ठिकाणचं तिकीट मात्र आजच काढावं लागेल, म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस.

हा दिवस सकाळपासून पुढे आखायचा नसतो, बोटीपासून मागे मोजायचा असतो. क्रूझच्या कागदांवर दोन वेळा असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. पहिली वेळ खोल्या मिळायला लागतात ती; बहुतेक बोटींवर दुपारी तीनच्या आसपास. दुसरी, सगळ्यांनी बोटीवर असायलाच हवं ती, आणि ती सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते. उशीर झालेल्यांसाठी बोट थांबत नाही. धक्क्यावरची जागा तिला ठरावीक तासांपुरतीच मिळालेली असते, मागून दुसरी बोट तिथेच लागायची असते. चुकली तर पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने गाठायची. व्हिएन्नाला केलेती स्टेशनवरून गाडी साधारण २ तास ४० मिनिटांत जाते, म्हणजे आभाळ कोसळत नाही. पण पाच जणांची आयत्या वेळची तिकिटं, सामान आणि म्हातारी माणसं असा सगळा लवाजमा घेऊन ही धावपळ कोणी करावी? शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्यावर, असा हिशेब धर. सहा वाजता सगळ्यांनी आत असायचं असेल तर चारला तुम्ही पाण्याशी.

धक्क्याचं प्रकरण तुझ्या बेतात कुठेच नाही, म्हणून तेच आधी. बुडापेस्टमध्ये बोटींचं एकच एक बंदर नाही. पेस्टच्या, म्हणजे डॅन्यूबच्या पूर्वेकडच्या, काठाने, एर्झेबेत पूल आणि हिरवा सबादशाग पूल यांच्यामध्ये आणि त्याच्याही खाली, बोटी ओळीने लागतात. या पट्ट्याला बेलग्राद रकपार्त म्हणतात. काही बोटी वर विगादो चौकासमोर लागतात, काही पलीकडे बुडाच्या, म्हणजे पश्चिम, काठाला. तुमच्या कागदावर जागा लिहिलेली असेल, पण ती आदल्या दिवशीही बदलते. म्हणून तीन गोष्टी हाताशी ठेव: बोटीचं नाव, काठ कोणता, आणि कोणत्या दोन पुलांच्या मधे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' सांगितलंस तर तो त्याला माहीत असलेल्या धक्क्यावर सोडून मोकळा होईल. बोटीच्या रिसेप्शनचा नंबरही लिहून ठेव आणि निघायच्या दिवशी सकाळी एकदा फोन कर. त्याच फोनवर सामान किती वाजल्यापासून घेता तेही विचार. बऱ्याच बोटी खोल्या तयार नसल्या तरी दुपारच्या आधी बॅगा ठेवून घेतात. नाही म्हणाले तर बॅगा हॉटेलातच ठेवायच्या, आणि त्यासाठी हॉटेल देआक चौक आणि फोवाम चौक यांच्या मधलं घ्यायचं, म्हणजे धक्का चालण्याच्या अंतरावर येतो. तू बघितलेलं स्वस्त हॉटेल बुडाच्या मागच्या अंगाला आहे. तिथले वाचलेले पैसे टॅक्सीत जातील.

काठावर रस्ता दोन पातळ्यांवर आहे. वरून ट्राम जाते, खालून पाण्याला लागून मोटारींचा भरधाव रस्ता. तरंगते धक्के खालच्या बाजूला आहेत, आणि खाली उतरायला कुठे उतार, तर कुठे नुसत्या दगडी पायऱ्या. चाकांच्या मोठ्या बॅगा त्या पायऱ्यांवरून रोहितला एकट्याला उतरवाव्या लागतील. म्हणून सामानासकट जाताना टॅक्सीच कर आणि खालच्या रस्त्याने धक्क्याच्या तोंडाशी सोडायला सांग. टॅक्सी पिवळ्या रंगाची, दारावर कंपनीचं नाव आणि काचेवर दरपत्रक असलेली घ्यायची. भाडं शहरभर एकाच दराने लागतं. रस्त्यावर हात करून थांबवायची नाही, फोनवरून किंवा हॉटेलकडून बोलवायची.

औषधं, चष्मे, पासपोर्ट, विहीणबाईंची शाल आणि ईशानचा एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत राहू दे. दिलेली बॅग खोलीत संध्याकाळी उशिरापर्यंत पोचत नाही.

आता शहराची मांडणी मनात बसव, मग उरलेलं सगळं सोपं आहे. डॅन्यूब इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला टेकड्यांचं बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावं १८७३ साली एक झाली. मधल्या भागात उत्तरेकडून दक्षिणेला चार पूल ध्यानात ठेव: मधोमध कोन झालेला मार्गित, सिंहांचा साखळी पूल, पांढरा एर्झेबेत, हिरवा सबादशाग. यातला साखळी पूल सगळ्यांत जुना, १८४९ चा. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४५ मध्ये शहरातले सगळे पूल उडवले, तेव्हा हाही गेला. १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. अलीकडच्या दुरुस्तीनंतर त्यावरून खासगी मोटारी जात नाहीत, बस, टॅक्सी आणि सायकली तेवढ्या जातात. त्यामुळे चालायला तो आता फार सुखाचा झाला आहे.

नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. पाटीवर नुसता एस दिसला तर श वाच, एस आणि झेड जोडून दिसले तर स. 'तेर' म्हणजे चौक, 'उत्सा' म्हणजे गल्ली.

तिकिटाचं: जांभळ्या रंगाच्या मशिनवर कार्ड देऊन २४ तासांचं तिकीट काढ. ट्राम, बस, मेट्रो सगळ्यांत चालतं. एकेका फेरीचं साधं तिकीट गाडी बदलली की दुसरं घ्यावं लागतं, शिवाय चढल्यावर डब्यातल्या किंवा मेट्रोच्या तोंडाशी असलेल्या खोक्यात घालून शिक्का मारावा लागतो. पर्यटकांना दंड होतो तो बहुतेक या शिक्क्यापायीच; तिकीट खिशात असतं, शिक्का नसतो. बाहीवर पट्टी बांधलेले तपासनीस मेट्रोच्या दाराशीच उभे असतात आणि वाद घालून काही उपयोग नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवास फुकट आहे, तेव्हा ईशानचं तिकीट नको, त्याच्या पासपोर्टची प्रत बरोबर असू दे. पासष्टच्या वरच्यांना फुकट प्रवासाची सोय आहे ती युरोपियन युनियनच्या नागरिकांना, म्हणून व्याह्यांचं आणि विहीणबाईंचं तिकीट काढायचंच. विमानतळावरून शहरात येणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, २४ तासांचं तिथे चालत नाही.

सकाळी साडेआठच्या आत देआक चौकातून १६ नंबरची बस पकडा. ती साखळी पूल ओलांडून थेट किल्ल्याच्या टेकडीवर जाते. सेंतहारोमशाग चौकात उतरलात की मात्याश चर्च समोरच. पुलाच्या टोकापासून वर जाणारी ती सुबक केबल रेल्वे, शिक्लो, तुझ्या यादीत आहे, ती काढून टाक. १८७० सालची, ९५ मीटर लांबीची, दिसायला गोड. पण तिला वेगळं महाग तिकीट, दहा वाजल्यानंतर लांब रांग, आणि वर गेल्यावर ती राजवाड्याजवळ सोडते, म्हणजे चर्चपर्यंत पुन्हा चाल. बस चर्चच्या दारात सोडते, तेही काढलेल्या तिकिटात.

वर जाताना बस आणि येताना उतार, हे इथलं साधं गणित आहे. लोक उलट करतात, पायऱ्यांनी वर चढतात आणि दमून बसने उतरतात. विहीणबाईंना दगडी फरशीवर चालायचं आहे तेच पुष्कळ. फरशी गोल दगडांची, पाऊस पडला की निसरडी. त्यांना रबरी तळाचे बूटच घालायला लाव, कितीही नाही म्हणाल्या तरी.

मच्छीमारांचा बुरूज, म्हणजे चर्चमागचा तो पांढरा सज्जा, लढाईसाठी बांधलेलाच नाही. फ्रिज्येश शुलेक नावाच्या वास्तुविशारदाने १८९५ ते १९०२ या काळात तो निव्वळ शोभेसाठी आणि नदी बघण्यासाठी बांधला. सात मनोरे म्हणजे हंगेरियन लोकांच्या सात टोळ्या. खालचे सज्जे फुकट आहेत आणि दृश्य तिथूनही तेच दिसतं. वरच्या मजल्याला हंगामात तिकीट असतं, ते घेऊ नका. नऊच्या आत पोचलात तर कमानीतून संसद निवांत बघायला मिळेल. दहानंतर प्रत्येक कमानीत एक नवरी आणि तिचा फोटोग्राफर उभा असतो. फोटोचं म्हणशील तर सकाळी सूर्य संसदेच्या मागून, म्हणजे तुमच्या तोंडावर येतो, त्यामुळे फोटो काळपट निघतील. रोहित कुरकुरेल. दुपारी प्रकाश छान असतो, पण गर्दीही तेव्हाच. मी गर्दी टाळणं निवडीन. संसदेचे फोटो रात्री बोटीवरून मनसोक्त मिळणार आहेत.

चर्चला तिकीट आहे आणि ते घेण्याजोगं आहे. बाहेरून छपरावरच्या, झोल्नाय कारखान्यातल्या रंगीत कौलांची नक्षी दिसते, पण खरी गंमत आत: भिंती, खांब, कमानी, एक वीतभर जागा न रंगवलेली नाही. १८६७ मध्ये फ्रान्झ जोसेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक इथेच झाला. अर्धा तास पुरतो. मनोऱ्यावर चढायचं वेगळं तिकीट असतं, ते नको. रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत, शनिवारी लग्नांमुळे मधेच बंद होतं. तुमचा दिवस कोणता येतो ते बघ.

तिथून तार्नोक गल्लीने दक्षिणेला राजवाड्याकडे चालत जा, रस्ता बराचसा सपाट आहे. शांदोर राजवाड्यासमोर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोर, तासातासाला पहारा बदलतो. ईशानला आवडेल, दहा मिनिटांचा खेळ. राजवाड्याच्या आतली चित्रशाळा मोठी आणि चांगली आहे, म्हणूनच आज नको. राजवाड्याच्या दक्षिण टोकाखाली वारकेर्त बाझार आहे, तिथे बागेतून लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांनी नदीच्या पातळीला फुकट उतरता येतं. टेकडीवर सतत काही ना काही बांधकाम चालू असतं; वाट बंद दिसली तर डोकं लावू नका, दीस चौकातून १६ नंबरचीच बस खाली साखळी पुलाच्या तोंडाशी आणून सोडते. दोन्हीकडून १९ किंवा ४१ नंबरची ट्राम मिळते. उत्तरेकडे जाणारी घ्या आणि बात्यानी चौकात उतरा. (ईशानला सांगायला एक: आपली अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, १९१३ साली. आई हंगेरियन, वडील पंजाबी.)

बात्यानी चौकात पाण्याच्या कठड्याशी पाच मिनिटं थांबा. नदीपलीकडे संसदेची अख्खी २६८ मीटरची लांबी बरोबर समोर येते, मधे काही नाही. सहकुटुंब फोटो इथे काढा, बुरुजावर नव्हे. मग लाल मेट्रो, एम२, एकच स्टेशन, नदीच्या खालून, कोशुत चौक. ही स्टेशनं खूप खोल आहेत आणि सरकते जिने आपल्याकडच्यापेक्षा लांब, उभे आणि चांगलेच वेगात चालणारे. पट्टा पकडून मगच पाऊल टाकायचं, उजवीकडे उभं राहायचं. विहीणबाईंच्या एक पायरी पुढे रोहित आणि मागे तू, असे उभे राहा.

संसदेचं तिकीट हेच ते, आज काढायचं. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं, वेळ आणि भाषा ठरलेली, आणि इंग्रजीच्या फेऱ्या हंगामात काही दिवस आधीच भरतात. खिडकीवर त्याच दिवशी मिळेल या भरवशावर राहू नकोस. अधिकृत साइटवरूनच घे. मधले विकणारे तेच तिकीट जास्त पैशांत देतात. युरोपियन युनियनच्या बाहेरच्यांना दर जास्त आहे, तो भारतीय पासपोर्टला लागणारच. पावणेबारा किंवा बाराची फेरी धर. आधी गेलात तर किल्ल्यावर धावपळ होते, नंतर गेलात तर जेवण कोसळतं. पंधरा-वीस मिनिटं आधी, चौकाच्या उत्तर टोकाच्या जमिनीखालच्या अभ्यागत केंद्रात पोचा. विमानतळासारखी तपासणी होते. ईशानच्या खिशातली छोटी कात्री, पेन्सिल कोरायचं पातं हॉटेलातच काढून घे. आत जिने बरेच आहेत, गुडघ्यांचं आधी सांगितलं तर लिफ्टची सोय करतात. अधिवेशन किंवा सरकारी समारंभ असला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा निघण्याआधी ईमेल बघ.

आतली फेरी पाऊण तासाची. इम्रे श्टाइंडलने आखलेली ही इमारत १८८५ ला सुरू झाली, १९०४ मध्ये पुरी झाली. तो स्वतः १९०२ मध्येच गेला. घुमटाची उंची ९६ मीटर. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: हंगेरियन टोळ्या इथे आल्या ते साल ८९६ मानतात. सेंट स्टीफन बॅसिलिका हे पेस्टमधलं मोठं चर्चही ९६ मीटरच, कुणी कुणापेक्षा उंच नाही. घुमटाखाली राज्यमुकुट, दोन्हीकडे पहारेकरी, आणि फोटो काढायला सक्त मनाई. मुकुटाच्या डोक्यावरचा क्रूस वाकडा आहे, तो तसाच ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुकुट अमेरिकेत फोर्ट नॉक्सला सोन्याच्या साठ्याबरोबर होता, १९७८ मध्ये परत आला. पण मला विचारशील तर मुकुटापेक्षा सभागृहाबाहेरच्या खिडक्यांशी बघा. तिथे पितळेच्या लांब पट्ट्या आहेत, त्यात खाचा आणि प्रत्येक खाचेला नंबर. सभासद आत जाताना पेटती सिगार आपल्या नंबरावर ठेवून जात. भाषण रंगलं की बाहेर सिगार जळून राख व्हायची. ईशान ते नंबर मोजत बसेल, गाइड पुढे गेली तरी.

बाहेर पडलात की दक्षिणेकडे नदीकाठाने चाला. संसद आणि साखळी पुलाच्या मधे, पाण्याच्या अगदी कडेला, लोखंडाचे साठ जोडे आहेत. मधे मोटारींचा रस्ता आहे, पादचारी पट्ट्यावरूनच ओलांडा. लोक कुठूनही घुसतात आणि तिथे गाड्या वेगात असतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फासिस्ट संघटनेच्या माणसांनी ज्यूंना या काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत जाऊ दिली. त्याआधी जोडे काढायला लावले, कारण जोड्यांना किंमत होती. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय आणि शिल्पकार ज्युला पाउएर यांनी हे स्मारक २००५ मध्ये केलं. जवळ बसून बघितलंस तर दिसेल, एकही जोडा दुसऱ्यासारखा नाही. कामगाराचे फाटके बूट, बाईची टाचेची चप्पल, लेस सुटलेले, एका बाजूला कललेले, आणि त्यांत अगदी लहान मुलाचे. आत कुणी वाळकी फुलं, खडे, मेणबत्ती ठेवून गेलेलं असतं. त्यात पाय घालून फोटो काढणारे महाभाग असतात. ईशानला आधीच सांगून ठेव. नऊ वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं ते तू ठरव, पण टाळून पुढे जाऊ नकोस.

मग २ नंबरची ट्राम, दक्षिणेकडे जाणारी. नदी उजव्या हाताला येते, तेव्हा उजवीकडची खिडकी धरा. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण किल्ला, साखळी पूल, गेलेर्त टेकडी सगळं ओळीने समोरून जातं. ज्या फेरीबोटीचे तू पैसे भरणार होतीस तिचं काम ही ट्राम करते. डबे जुने, चढायला उंच पायऱ्या, आणि खिसेकापूंची आवडती गाडी. पाठपिशवी छातीवर घ्या. फोवाम चौकात उतरा.

समोरची मोठी मंडई १८९७ सालची, लोखंडी सांगाड्याची, वर रंगीत कौलं. रविवारी बंद, शनिवारी दुपारीच आवरतात, सोमवारी थोडं लवकर. तळमजल्यावर भाजी, फळं, मांस आणि पाप्रिका. तळघरात लोणची आणि मासे. वर माडीवर खाण्याच्या टपऱ्या आणि भेटवस्तू. माडीवर बसायला जागा जवळजवळ नाही, उभ्यानेच खावं लागतं. विहीणबाई-व्याह्यांसाठी मंडईबाहेरच्या वात्सी रस्त्यावर न जाता मागच्या राडाय गल्लीत कुठेही बसा. वात्सीवर त्याच पदार्थाला दीडपट मोजाल.

लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी, वर सायीचं आंबट दही आणि किसलेलं चीज, हे शाकाहारी आहे. फक्त तळणी चरबीची, म्हणजे 'झीर'ची, आहे की तेलाची, ते विचारा. पाटीवरची किंमत बहुधा कोऱ्या लांगोशची असते, वरचा प्रत्येक जिन्नस वेगळा मोजतात. एकूण किती होतील ते आधी विचारा, मग बोट दाखवा. गुयाश हे बीफचं पातळ सूप आहे, तेव्हा 'पाप्रिकाचा रस्सा' म्हणून कुणी पुढे केला तर व्याह्यांनी घेऊ नये. मार्हा म्हणजे बीफ, शेर्तेश डुक्कर, शोन्का हॅम, चिर्के कोंबडी. 'हूश नेल्क्युल' म्हटलं की मांसाशिवाय. पण तेवढ्यावर भागत नाही: तूरोश चुसा हा ताज्या चीजचा पास्ता शाकाहारी वाटतो आणि वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे येतात. बिनधोक म्हणजे रांतोत शायत, तळलेलं चीज, आणि गोंबापाप्रिकाश, अळंबीची भाजी. पाण्याच्या बाटलीचं झाकण गुलाबी असेल तर साधं पाणी, निळं असेल तर सोड्याचं. आपण नेमकं उलट समजतो. नळाचं पाणीही पिण्याजोगं आहे, घरून बाटल्या न्या. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क बरेचदा आधीच धरलेलं असतं, टिप ठेवण्याआधी खालची ओळ वाच.

पाप्रिका घे, पण टांगलेल्या शोभेच्या कापडी पिशव्यांतली नको. ती किती दिवस उजेडात लटकते आहे देव जाणे, आणि उजेडाने रंग व वास दोन्ही जातात. बंद डब्यातली, वर तारीख असलेली, सेगेद किंवा कलोचाची घे. 'एदेश' गोड, 'चीपोश' तिखट. रंगाला आपल्या काश्मिरी मिरचीसारखी, पण हिच्यात साखर जास्त, म्हणून कडकडीत तेलात टाकलीस की क्षणात करपून कडू होते. कांदा परतून झाला की गॅस बंद करून घालायची आणि लगेच थोडं पाणी. दोन छोटे डबे बास. सहा महिन्यांनी ती नुसती लाल माती होते.

पैसे फोरिंटमध्ये असतात, युरोत नाही. युरो घेतात काही ठिकाणी, पण भाव त्यांचा. अंदाजाला चार फोरिंटचा एक रुपया धर आणि त्या दिवशीचा भाव बघ. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. मशीन 'रुपयांत की फोरिंटमध्ये' विचारेल तेव्हा नेहमी फोरिंट. रुपये निवडलेस की भाव दुकानदाराची बँक ठरवते. रोख थोडीच काढ, तीही बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून, रस्त्यावर सुट्या उभ्या असलेल्या खोक्यातून नाही. सुटी नाणी स्वच्छतागृहासाठी लागतात.

स्नानगृह का गाळलं ते लिहायला हवं, कारण तुला तेच जास्त हवं आहे. सेचेनी १९१३ सालचं, भव्य, बाहेर उघड्यावर गरम पाणी. पण जाणं-येणं, कपडे बदलणं, लॉकर, ओले केस धरून तीन तास जातात, आणि ओले पोशाख बॅगेत घालून बोटीवर चढावं लागतं. आदल्या दिवशी विमान दुपारपर्यंत उतरत असेल तर त्या संध्याकाळी जा, प्रवासाचा शीण उतरेल. तिथे जाणारी पिवळी मेट्रो, एम१, हीच १८९६ ची जुनी भुयारी रेल्वे. तीही मग आपोआप बघून होईल. हीरोज चौक त्याच वाटेवर. बॅसिलिका बाहेरून बघा.

तारीख एकदा तपास. २० ऑगस्टला तिथला मोठा राष्ट्रीय सण असतो, रात्री आतषबाजी, काठ आणि पूल बंद. २३ ऑक्टोबर आणि १५ मार्चलाही संसदेभोवती समारंभ असतात.

आणि पाण्याची पातळी. आठवडाभर आधीपासून बघत जा. बुडापेस्टचं मोजमाप विगादो चौकाजवळ होतं. जून २०१३ मध्ये ते ८९१ सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं, ऑक्टोबर २०१८ मध्ये ३३ वर उतरलं होतं. पाणी चढलं की आधी खालचा रस्ता बंद, मग २ नंबरची ट्राम बंद, आणि बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत. फार उतरलं की वरच्या उथळ पट्ट्यांत बोट टेकते आणि प्रवाशांना बसने पुढच्या बोटीवर नेतात. दोन्ही वेळा धक्का बदलतो. विमा काढताना ही बाब त्यात येते का ते वाच.

बोटीवर पोचल्यावर पासपोर्ट रिसेप्शनवर ठेवून घेतात, सगळ्यांच्या प्रती तुझ्याकडे असू देत. बोटी एकमेकींना चिकटून दोन-तीन लावतात, त्यामुळे काठावरच्या बोटीच्या दिवाणखान्यातून चालत जाऊन आपली गाठावी लागते. दारावरचं नाव वाचूनच आत शिरा. खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या बोटीची खिडकी आली तर पडदा ओढा, निघाल्यावर मोकळं होईल. विहीणबाईंचं शाकाहारी जेवण पहिल्याच संध्याकाळी मुदपाकखान्यापर्यंत पोचवा, वाढणाऱ्याला सांगून भागत नाही. अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट सांगा. सुरक्षेची कवायत होते, तिला सगळ्यांनी हजर राहायचं असतं, लाइफ जॅकेट बांधायला ईशानला आधी शिकवा.

बोट रात्री सुटते. वर व्हिएन्नाकडे, म्हणजे उत्तरेला निघाली की संसद उजव्या हाताला येते आणि किल्ला डाव्या. गच्चीवर पंधरा मिनिटं आधी जाऊन उजव्या कठड्याची जागा धरा आणि मार्गित पूल मागे पडेपर्यंत ती सोडू नका. उन्हाळा असला तरी पाण्यावर वारा बोचतो, शाल तेव्हाच लागते.

व्याह्यांना आणि विहीणबाईंना नमस्कार, ईशानला गोड पापा. संसदेचं तिकीट काढलंस की वेळ कळव, म्हणजे सकाळचं गणित पुन्हा एकदा बसवून देते.

तुझी,
आई